कंत्राटी युद्धाची कागदपत्रं

अबू घरैबच्या तुरुंगात इराकी कैद्यांची चौकशी करणाऱ्यांमध्ये काही जण लष्करातले नव्हतेच. सीएसीआय नावाच्या अमेरिकी कंपनीचे ते पगारी नोकर होते. ज्या कंत्राटावर त्यांना पाठवलं होतं ते माहिती-तंत्रज्ञान सेवांचं होतं. त्याचा कारभार पाहत होतं अमेरिकेचं इंटिरियर डिपार्टमेंट, म्हणजे राष्ट्रीय उद्यानं आणि सरकारी जमिनी सांभाळणारं खातं. २००४ मध्ये तिथल्या कैद्यांच्या छळाचे फोटो जगभर छापून आले. तीन इराकी माणसांनी या कंपनीवर लावलेल्या दाव्याचा निकाल नोव्हेंबर २०२४ मध्ये लागला. व्हर्जिनियातल्या ज्यूरीने त्यांना ४ कोटी २० लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितली.

एम.ए.च्या वर्गात मी पहिला तास इथून सुरू करते. मुलं आलेली असतात ती हेलिकॉप्टरं, काळे चष्मे आणि वाळवंटातल्या चकमकी ऐकायला. त्यांच्यापुढे येतं संगणक-सेवांचं कंत्राट. दोन-तीन जण पुढच्या तासाला दिसत नाहीत. जे टिकतात त्यांच्याबरोबर वर्षभर कंत्राटं, उपकंत्राटं, विम्याच्या पॉलिसी, जहाजांची नोंदणी आणि न्यायालयांचे निकाल वाचायचे. खासगी लष्करी कंपन्या हा माझा अभ्यासविषय आहे आणि इतक्या वर्षांत मी प्रत्यक्ष गोळीबार एकदाही पाहिलेला नाही. त्याचं मला काही वाटत नाही. या धंद्यात कोण कुणाला मारतं हे शोधणं सोपं असतं. कुणाच्या नावावर मारतं, हे शोधायला माझ्यासारख्या कागद उपसणाऱ्यांची गरज लागते.

विषय निवडला तेव्हा मार्गदर्शक सर नाराज होते. "हा वर्तमानपत्राचा विषय आहे, पीएच.डी.चा नाही. पाच वर्षांनी कोण विचारणार या भाडोत्र्यांना?" असं ते म्हणाले. माझ्या हातात तेव्हा सँडलाइन इंटरनॅशनल ही खासगी लष्करी कंपनी आणि पापुआ न्यू गिनी सरकार यांच्यातला करार होता. जानेवारी १९९७ मधला हा करार प्रकरण फुटल्यावर सार्वजनिक झाला. बूगनव्हिल बेटावरचं बंड मोडायचं आणि तिथली पांगुना तांब्याची खाण पुन्हा सरकारच्या ताब्यात आणायची, हा हेतू. किंमत ३ कोटी ६० लाख डॉलर, निम्मी आधी, निम्मी नंतर. सोबत हेलिकॉप्टरं, दारूगोळा, प्रशिक्षण यांची यादी. एखाद्या कारखान्याने यंत्रसामग्रीची ऑर्डर द्यावी तशी ती वाचत गेले आणि या विषयाला चिकटले ती कायमची.

पुढे काय झालं ते जास्त शिकवणारं आहे. देशाचे लष्करप्रमुख जेरी सिंगिरोक यांनीच मार्चमध्ये या कराराविरुद्ध उभं राहून कंपनीच्या माणसांना ताब्यात घेतलं. लोक रस्त्यावर उतरले, पंतप्रधान ज्युलियस चॅन यांना बाजूला व्हावं लागलं. बेटावर मोहीम झालीच नाही. तरीही कंपनी उरलेल्या १ कोटी ८० लाख डॉलरसाठी लवादाकडे गेली. "आमच्याच राज्यघटनेप्रमाणे हा करार बेकायदा होता," असं सरकारने सांगून पाहिलं. लवादाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. लढाई न होताही लढाईचे पैसे द्यावे लागतात, हे त्या गरीब देशाला कराराच्या भाषेत समजावलं गेलं.

२००३ मध्ये अमेरिका इराकमध्ये उतरली आणि सरांचा "वर्तमानपत्राचा विषय" अचानक परिसंवादांचा विषय झाला. पी. डब्ल्यू. सिंगर यांचं 'कॉर्पोरेट वॉरियर्स' त्याच वर्षी आलं, डेबोरा अव्हंट यांचं 'द मार्केट फॉर फोर्स' २००५ मध्ये. आम्ही ती झेरॉक्स करून वाचली. उघड सांगते, कारण तेव्हा परदेशी पुस्तकाची किंमत प्राध्यापकाच्या खिशाला झेपत नव्हती.

वर्गात दर वर्षी एक वाद ठरलेला असतो. अभ्यासरजेवर आलेला एखादा लष्करी अधिकारी हात वर करतो आणि विचारतो, "मॅडम, सिएरा लिओनमध्ये कंपनीने काम केलं की नाही?" केलं. एक्झिक्युटिव्ह आउटकम्स ही दक्षिण आफ्रिकेतली कंपनी १९९५ मध्ये तिथे उतरली. वर्णभेदाच्या काळातल्या लष्करातून बाहेर पडलेली माणसं तिच्यात होती. दोनशे-तीनशे जणांच्या तुकडीने राजधानी फ्रीटाउनच्या वेशीपर्यंत आलेल्या बंडखोरांना मागे रेटलं आणि कोइडूचा हिऱ्यांचा प्रदेश परत मिळवला. हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि नाकारणारे अभ्यासक मला आळशी वाटतात. पण जानेवारी १९९७ मध्ये कंपनी गेली आणि मे महिन्यात तिथल्याच लष्कराने सत्ता उलथवली. कंपनीने बंडखोर हटवले होते. जे सैन्य देशात राहणार होतं त्याची हालत तशीच होती. नंतर संयुक्त राष्ट्रांना तिथे साडेसतरा हजारांपर्यंत सैनिक मंजूर करावे लागले. जुलै २००० मध्ये कैलाहूनला वेढ्यात अडकलेले जवान सोडवायला भारतीय सेनेने 'ऑपरेशन खुकरी' केलं. हा भाग आला की तो अधिकारी मागे टेकून बसतो. हा इतिहास त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतो.

पुण्यात हा विषय शिकवायचा म्हणजे १८०३ चं इंग्रज-मराठा युद्ध टाळता येत नाही. कुणीतरी मराठ्यांच्या नोकरीतल्या इब्राहिमखान गारद्याचं नाव काढतं, कुणी द बॉयनचं. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये बन्वा द बॉयन या साव्हॉयच्या माणसाला नोकरीवर घेतलं, त्याने कवायती पलटणी उभ्या केल्या, त्यांच्या खर्चासाठी त्याला मुलूख तोडून दिला. तो प्रचंड संपत्ती घेऊन परत गेला. त्याच्या शांबेरी गावात त्याच्या स्मरणार्थ हत्तींचं कारंजं आहे. त्याच्यानंतर पेरों आला. ऑगस्ट १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटलं तेव्हा गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतल्या अधिकाऱ्यांना आपल्याकडे येण्यासाठी पगार-पेन्शनचं आमिष दाखवलं. बरेच गेले. पेरों सप्टेंबरमध्येच इंग्रजांच्या आश्रयाला गेला. व्याख्यानाला आलेल्या मंडळींना इथे टाळ्या वाजवायच्या असतात: बघा, परके शेवटी परकेच. मला मात्र त्या जाहीरनाम्याचं कौतुक वाटतं. समोरच्याच्या सैन्याचा करार कुठे कच्चा आहे हे इंग्रजांनी नेमकं वाचलं होतं. आणि त्याच पलटणींतले हिंदुस्तानी शिपाई असईला २३ सप्टेंबरला आणि लासवारीला १ नोव्हेंबरला असे लढले की असईची लढाई इंग्रज सेनापती वेलिंग्टनच्या आठवणीत जन्मभर राहिली. जाहीरनाम्याचा भर अधिकाऱ्यांवर होता, शिपायांवर नाही. हे वाक्य मी व्याख्यानात सावकाश म्हणते, कारण आजच्या धंद्यात वरचा आणि खालचा माणूस यांच्यातलं अंतर तसंच आहे.

ते अंतर पहिल्यांदा नीट समजलं ते रत्नागिरीकडच्या एका गावात. नौदलातून निवृत्त झालेला एक पेटी ऑफिसर, वय चाळिशीचं, आंब्याच्या चार कलमांवर घर चालत नाही म्हणून व्यापारी जहाजांवर सशस्त्र रक्षक म्हणून जायचा. सोमाली चाच्यांचा तो काळ. ऑगस्ट २०११ मध्ये मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाने भारतीय जहाजांवर सशस्त्र रक्षक ठेवायला मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली होती. विमा कंपन्यांनी तर त्याआधीच गणित मांडलं होतं. रक्षक असतील तर हप्ता कमी. सशस्त्र रक्षक असलेलं जहाज सोमाली चाच्यांना पळवता आलं नाही, असं हा उद्योग सांगतो आणि ते खोडून काढणारं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

मी त्याला चाच्यांबद्दल विचारलं. "मॅडम, चाचे नाही दिसले कधी. झुरळं दिसली." मग तो तासभर बोलला ते तरंगत्या शस्त्रागाराबद्दल. जहाज धोक्याच्या पट्ट्यातून बाहेर पडलं की रक्षकांनी उतरायचं, पण बंदुकांसकट बहुतेक बंदरं उतरू देत नाहीत. म्हणून फुजैराबाहेर, तांबड्या समुद्रात, श्रीलंकेच्या गॉलजवळ जुनी जहाजं उभी करून त्यांच्यावर शस्त्रं आणि माणसं ठेवायची पद्धत पडली. पुढचं जहाज मिळेपर्यंत तिथेच पडून राहायचं. दाटीवाटीचे बंक, मोजून मिळणारं गोडं पाणी, वाय-फायसाठी भांडणं. आठवडा जाई, कधी तीन आठवडे. त्या दिवसांचा पगार अर्धा, कधी काहीच नाही. "जहाजावर असलो तर चौघं. टीम लीडर गोरा, ब्रिटिश मरीन्समधला. एक त्याचाच देशवाला. आम्ही दोघं. पहारा चार-चार तासांचा, सगळ्यांना सारखा. रायफल सारखी. पगार मात्र पासपोर्ट बघून." किती फरक, असं विचारल्यावर त्याने बायकोकडे पाहिलं आणि आकडा सांगितला नाही. ती म्हणाली, "सांगा की, आता काय लपवायचं." तरी त्याने सांगितला नाही.

इराकमध्येही हेच होतं, आणि तिथले आकडे जाहीर आहेत. अमेरिकी रक्षकाला दिवसाला पाचशे-सहाशे डॉलर. त्याच फाटकावर उभ्या असलेल्या युगांडाच्या रक्षकाला महिन्याला हजार, पुढे त्याहूनही कमी. महापालिकेच्या रस्त्याच्या कामात मुख्य ठेकेदार, मग पोटठेकेदार, मग मुकादम आणि शेवटी डांबर टाकणारा असतो, तीच उतरंड इथेही आहे. फरक एवढाच की हा रस्ता चार देशांतून जातो आणि खड्डा पडला तर तो कुणाच्या हद्दीत यावर वाद होतो.

तो वाद कसा चालतो ते पाहायचं तर 'सीमन गार्ड ओहायो'चं प्रकरण वाचावं. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी भारतीय तटरक्षक दलाने तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ हे जहाज अडवून तुतिकोरिन बंदरात आणलं. आत ३५ माणसं, ३५ असॉल्ट रायफली आणि पाच हजारांहून जास्त गोळ्या. जहाजाची मालक कंपनी अमेरिकी. झेंडा सिएरा लिओनचा. रक्षकांमध्ये ब्रिटिश, एस्टोनियन, युक्रेनियन आणि भारतीय. डिझेल स्थानिक मच्छीमार नौकेकडून चोरून घेतल्याचा आरोप. आमची हद्द म्हणजे बारा सागरी मैल. जहाज आत होतं की बाहेर, इंधन संपत आल्यामुळे आत आलं की मुद्दाम, यावर न्यायालयांत वर्षानुवर्षं खल झाला. मद्रास उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शस्त्र कायद्याखालचे आरोप रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खटला चालवायला सांगितलं. जानेवारी २०१६ मध्ये तुतिकोरिनच्या न्यायालयाने पाच-पाच वर्षांची शिक्षा दिली. नोव्हेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने सगळ्यांना निर्दोष सोडलं.

हे निकाल मी ओळीने वाचलेत. रक्षकांची नावं, त्यांची वयं, शस्त्रांचे क्रमांक, सगळं त्यात आहे. अमेरिकी कंपनीचा मालक त्या कोठडीत एक रात्रही नव्हता. ब्रिटनमध्ये त्यांच्या सहा माणसांसाठी मोहीम चालली, खासदारांनी प्रश्न विचारले. भारतीय रक्षकही त्याच तुरुंगात होते. त्यांच्यासाठी आपल्याकडे कुणी आवाज उठवल्याचं मला आठवत नाही. आपल्या वर्तमानपत्रांना ते "परदेशी हेरगिरीचं जहाज" होतं. बारा भारतीय त्यावर होते, आठ खलाशी आणि चार रक्षक, हे बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात.

एन्रिका लेक्सीचं प्रकरण लोकांना जास्त आठवतं. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळच्या समुद्रात इटालियन जहाजावरून झालेल्या गोळीबारात दोन मच्छीमार गेले. पण ते रक्षक खासगी कंपनीचे नव्हते, इटलीच्या नौदलाचे होते, म्हणून तिथे निदान दोन सरकारं समोरासमोर आली. त्या काळात धोक्याचा पट्टा ७८ अंश पूर्व रेखांशापर्यंत, म्हणजे जवळजवळ आपल्या दारापर्यंत आखलेला होता. आपल्या मच्छीमारांच्या पाण्यात बंदुकवाली जहाजं फिरत होती ती या रेघेमुळे. भारताने पाठपुरावा केल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये ती रेघ ६५ अंशांवर सरकली. रेघ ओढणारे होते जहाजमालकांच्या संघटना आणि त्यामागे विमावाले. नकाशावर रेघ ओढण्याचा अधिकार आता कुणाला आहे, हे त्यावरून कळावं.

कायदाच नाही, असं टीव्हीवर सर्रास म्हटलं जातं. कायदे भरपूर आहेत. १९७७ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलमध्ये भाडोत्री सैनिकाची व्याख्या आहे. तिच्यात सहा अटी आहेत आणि त्या एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. युद्धात उतरलेल्या देशाचाच नागरिक असेल तर माणूस सुटला. म्हणजे इराकमधला अमेरिकी रक्षक तिथेच गळाला. १९८९ चा संयुक्त राष्ट्रांचा करार आहे, तो अमलात यायला २००१ उजाडलं आणि मोठ्या देशांनी त्याकडे पाठच फिरवली. २००८ मध्ये स्वित्झर्लंड आणि रेडक्रॉस यांच्या पुढाकाराने माँत्रो दस्तऐवज झाला. पहिल्या १७ देशांमध्ये अमेरिका, ब्रिटन, चीन, इराक, अफगाणिस्तान होते, भारत नव्हता. त्यात कंत्राट देणारा देश, जिथे काम चालतं तो देश आणि कंपनीची नोंदणी आहे तो देश, यांच्या जबाबदाऱ्या नीट लिहिल्या आहेत. ज्यांचे तरुण या कामाला जातात ते भारत, नेपाळ, युगांडा "इतर सर्व देश" अशा एका छोट्या कप्प्यात. जिनिव्हातल्या एका परिषदेत मी यावर बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहाच्या वेळी एका कंपनीच्या प्रतिनिधीने येऊन सांगितलं की त्यांचे नेपाळी रक्षक "अतिशय निष्ठावान" असतात. मी त्याला विमा कुणाचा असतो ते विचारलं. त्याने व्हिजिटिंग कार्ड दिलं आणि ईमेल करायला सांगितलं. उत्तर आलं नाही.

निसूर चौकाबद्दल विद्यार्थी सगळ्यात जास्त विचारतात. १६ सप्टेंबर २००७, बगदाद. ब्लॅकवॉटर या अमेरिकी कंपनीच्या रक्षकांनी भर चौकात गोळीबार केला, १७ इराकी नागरिक मेले. इराकच्या न्यायालयात खटला नाही, कारण जून २००४ मध्ये सत्ता सोपवण्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी सुधारित 'आदेश १७' काढून कंत्राटदारांना इराकी कायद्यातून वगळलं होतं. अमेरिकेत खटला उभा राहिला, तर २००९ च्या शेवटच्या दिवशी न्यायाधीशांनी तो फेटाळला. परराष्ट्र खात्याने गोळीबारानंतर रक्षकांचे जबाब घेताना "हे तुमच्याविरुद्ध फौजदारी खटल्यात वापरणार नाही" असं लिहून दिलं होतं, आणि सरकारी पक्षाने ते जबाब वापरले होते. परदेशातल्या कंत्राटदारांना लागू होणारा कायदा संरक्षण खात्याच्या कंत्राटांसाठी होता आणि ब्लॅकवॉटर परराष्ट्र खात्याकडे होती, असाही बचाव झाला. खटला पुन्हा उभा राहिला, २०१४ मध्ये चौघं दोषी ठरले, आणि डिसेंबर २०२० मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी चौघांनाही माफी दिली. हे सांगून झाल्यावर वर्गात काही वेळ कुणी बोलत नाही. मग एक मुलगा विचारतो, "मॅडम, परीक्षेला यातलं किती येईल?" त्याचंही बरोबर आहे.

माझ्या कामात सर्वांत उपयोगी पडलेला कायदा मात्र युद्धाचा नाहीच. अमेरिकेचा १९४१ चा डिफेन्स बेस अ‍ॅक्ट. परदेशातल्या तळांवर काम करणाऱ्या कंत्राटी माणसाचा विमा काढणं त्याने सक्तीचं केलं आहे, मग तो माणूस कुठल्याही देशाचा असो. मृत कंत्राटदारांची मोजदाद पेंटॅगॉन सैनिकांसारखी जाहीर करत नाही. अमेरिकेचं श्रमखातं विम्याच्या दाव्यांचे आकडे कंपनीवार देतं, आणि कंत्राटी युद्धात माणसं किती मेली याचा अंदाज आम्ही त्यावरून बांधतो. अर्थात ज्याच्या घरच्यांनी दावाच लावला नाही तो या आकड्यांत नाही. दावा लावायला आधी आपला विमा होता हे माहीत हवं.

ऑगस्ट २००४ मधल्या बारा नेपाळी मजुरांची गोष्ट म्हणूनच मी कुठल्याही गावात सांगते. त्यांना जॉर्डनमधल्या हॉटेलात काम आहे असं सांगून नेलं. तिथे पासपोर्ट काढून घेतले आणि इराकमधल्या अमेरिकी तळाकडे पाठवलं. वाटेत अतिरेक्यांनी पकडून त्यांना मारलं. बंदूक त्यांच्यापैकी एकाच्याही हातात नव्हती. २००८ मध्ये अमेरिकी श्रमखात्याच्या न्यायाधीशाने त्यांच्या कुटुंबांना भरपाई देण्याचा आदेश काढला, तोही पत्रकार आणि वकील मागे लागले म्हणून. जून २०१६ मध्ये काबूलला कॅनडाच्या दूतावासाचे नेपाळी आणि भारतीय रक्षक बॉम्बहल्ल्यात मेले. राजनैतिक अधिकारी चिलखती गाड्यांतून फिरत होते. त्यांचे रक्षक साध्या मिनीबसमधून कामावर निघाले होते.

वाग्नर या रशियातल्या खासगी लष्करी कंपनीबद्दल थोडक्यात. शनिवार, २४ जून २०२३, तिच्या बंडाचा दिवस. सकाळपासून वाहिन्यांचे फोन. पुतिन पडणार का, कंपनीचे प्रमुख प्रिगोझिन मॉस्कोत पोहोचणार का. मी म्हणत होते की पैसा कुठून येतो ते विचारा, रशियाच्या फौजदारी कायद्यात भाडोत्री सैनिक हा गुन्हा असताना ही कंपनी चाललीच कशी ते विचारा. निवेदक म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे वीस सेकंद आहेत." तीन दिवसांनी पुतिन यांनी स्वतःच सांगितलं: मे २०२२ ते मे २०२३ या वर्षात सरकारने वाग्नरला ८६ अब्ज रूबलहून जास्त रक्कम दिली. म्हणजे "खासगी" हा शब्द सरकारला हात झटकता यावेत एवढ्यापुरता होता. त्या दिवशी मात्र एकाही वाहिनीचा फोन आला नाही.

आता साताऱ्याकडे. इकडच्या गावांत फौजेची परंपरा आहे आणि शिपाई चाळिशीच्या आत पेन्शनवर घरी येतो. मुलं शाळेत, घराचं कर्ज अर्धं, अंगात ताकद भरपूर. बँकेच्या दारात किंवा एटीएमवर उभं राहण्यापेक्षा परदेशात जावं, असं त्याला वाटलं तर त्यात गैर काय? खासगी सुरक्षारक्षकांसाठी महाराष्ट्रात १९८१ पासून स्वतंत्र कायदा आणि मंडळं आहेत, केंद्राचा २००५ चा कायदा आहे, पण हे सगळं देशातल्या रक्षकासाठी. तो विमानात बसला की यातलं काही त्याच्याबरोबर जात नाही. मी अशा माजी सैनिकांच्या मेळाव्यांत बोलते तेव्हा एक प्रश्न हमखास येतो, "मॅडम, तुम्ही जाऊ नका म्हणता का?" मी तसं म्हणत नाही. देशासाठी लढलेल्या माणसाने पोटासाठी पहारा केला म्हणून त्याला नैतिकतेचे धडे देण्याचा अधिकार मला नाही. नीतीचा प्रश्न आहे तो धंदा चालवणाऱ्यांना विचारावा.

पण २०२३ पासून रशियात जे झालं त्यानंतर माझा सूर कडक झाला आहे. यूट्यूबवरचे व्हिडिओ आणि दलाल यांच्या भरवशावर तरुण गेले. काम मदतनिसाचं, सुरक्षारक्षकाचं असं सांगितलेलं. तिथे रशियन भाषेतल्या कागदावर सह्या झाल्या आणि ते युक्रेनच्या आघाडीवर पोहोचले. हे खासगी कंपनीचं नव्हे, रशियन सैन्याचंच कंत्राट होतं. दलालांची साखळी मात्र मी वीसहून जास्त वर्षं अभ्यासतेय तीच. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं की १२६ भारतीयांची माहिती आहे, ९६ परतले, १२ मेले आणि १६ बेपत्ता आहेत.

म्हणून एवढंच मागणं आहे. घरातलं कुणी परदेशात रक्षकाच्या किंवा तळावरच्या कामाला निघालं असेल तर दलालाचं नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावरच्या नोंदणीकृत यादीत आहे का ते आधी बघा. कराराची प्रत घरी ठेवून घ्या. पगार कोण देणार, ती कंपनी कुठल्या देशातली, काम नेमकं कुठे आणि माणूस मेला किंवा अपंग झाला तर विमा कुणाचा, हे त्यात लिहिलेलं नसेल, किंवा करार तुमच्यापैकी कुणालाच वाचता येत नसेल, तर त्याला जाऊ देऊ नका. दलाल म्हणेल की कागद तिकडे गेल्यावर मिळतील. अशा वेळी पासपोर्ट त्याच्या हातात देऊ नका.